कट म्हणेपर्यंत

सासुरवाडीला निघालेला जावई मिरवत जातो. कानसेन मात्र त्या सकाळी हमालासारखा निघाला होता. एका खांद्यावर ध्वनिमुद्रणाची बॅग, दुसऱ्यावर कॅमेऱ्याचा स्टँड, गळ्यात हेडफोन, आणि पुढे हात हलवत चाललेली बायको.

'कानसेन' हे नाव तिनंच त्याला दिलेलं. तो सिनेमांसाठी आवाज टिपायचा. ती माहितीपट करायची, म्हणून तो तिला डायरेक्टरीणबाई म्हणायचा. रागावला की नुसतं बाई. कामात दोघंच. कॅमेरा तिच्याकडे, आवाज त्याच्याकडे, आणि भांडण दोघांत मिळून.

त्यांच्या कामाची एक रीत होती. मोठ्या शूटिंगला पाटी आपटायला वेगळा माणूस असतो, म्हणजे नंतर चित्र आणि आवाज बरोबर जुळवता येतात. ह्यांच्याकडे तेवढी माणसं कुठली? म्हणून ती माइकच्या जाळीवर नखानं वाजवायची. टक टक, जरा थांबून टक. तो म्हणायचा, "चालू आहे." त्यानंतर छत कोसळलं तरी तो मध्ये बोलायचा नाही. 'कट' म्हणायचा हक्क एकट्या तिचा. एकदा एक म्हातारा बोलता बोलता रडायला लागला, तेव्हा कानसेननं दया येऊन यंत्र बंद केलं होतं. त्यावरून ती कित्येक दिवस त्याच्याशी धड बोलली नव्हती. तेव्हापासून त्यानं कानाला खडा लावला.

आणि प्रत्येक मुलाखतीनंतर सगळ्यांनी अर्धा मिनिट गप्प बसायचं. खोकायचंसुद्धा नाही. त्या खोलीची नुसती शांतता टिपून ठेवायची. प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते, आणि पुढे जोडकामात ती ठिगळासारखी उपयोगी पडते.

इतक्या वर्षांत तिनं दुनियाभरच्या माणसांवर माहितीपट केले. आता तिला स्वतःवर करायचा होता, आणि तोही उलटा. ती त्यात कुठेच दिसणार नव्हती. तिचा राखाडी स्वेटर घरातल्या एकेकानं अंगात घालायचा, खुर्चीत बसायचं आणि ती होऊन बोलायचं. 'ती' म्हणायचं नाही, 'मी' म्हणायचं. ती स्वतः मात्र त्या खुर्चीत कधीच बसणार नाही, हा नियम.

"आपण कोण हे आपल्याला सोडून सगळ्यांना ठाऊक असतं," ती म्हणायची. कानसेनच्या हे डोक्यावरून गेलं होतं. हे विकतचं दुखणं आहे, एवढं मात्र त्याला कळत होतं.

खरं कारण तिनं गाडीत सांगितलं. माहेर जवळ आलं होतं आणि ती खिडकीबाहेर बघत होती.

"आईनं मला कधी जवळ घेतलं नाही," ती म्हणाली. "मारलं नाही, उपाशी ठेवलं नाही. पण पाठीवरून कधी हात फिरवला नाही. दादाला घ्यायची. मला का नाही, एवढं कळलं की झालं. मग फिल्म बोंबलली तरी चालेल."

कानसेननं तिचा हात हातात घेतला. हात गार होता. तिचे हात नेहमीच गार असायचे, भर उन्हातसुद्धा. तो त्यावरून तिला चिडवायचा.

सासूबाई दारातच उभ्या होत्या.

"आलात जावईबापू? त्या पेट्या भिंतीला घासू नका, नुकताच रंग दिलाय."

मुलीकडे त्यांनी पाहिलंही नाही. ती आत शिरली तेव्हा त्या चार पावलं मागे सरकल्या, तापल्या तव्यापासून सरकावं तशा. पोटच्या पोरीला पाण्यात पाहणाऱ्या आया असतात, नाही असं नाही. पण त्याला काहीतरी निमित्त असतं. ह्या घरात निमित्त कोणी सांगत नव्हतं. विचारलं की सगळ्यांच्या तोंडाला कुलूप.

शूटिंग दुपारचं ठरलं, कारण दुपारी गल्ली झोपलेली असते. पुढच्या खोलीत जाड पडदे होते, जुना सोफा होता, जमिनीवर गालिचा होता. आवाज टिपायला ह्याहून चांगली खोली शोधून सापडली नसती. खिडकीपाशी लाकडी खुर्ची ठेवली.

पहिली बसली मावशी. ही सासूबाईंची धाकटी बहीण, मागच्याच गल्लीत राहायची. तोंडाची टकळी कधी थांबायची नाही. स्वेटर तिला इतका घट्ट झाला की पोटावरची बटणं लागेनात.

"म्हणजे आज मी तू, आणि तू कोणीच नाहीस, असंच ना गं?" मावशी हसत म्हणाली. "बरं झालं. निदान आजच्या दिवस तरी मी बारीक आहे."

टक टक... टक.

"चालू आहे."

"निवांत बसा," डायरेक्टरीणबाई म्हणाली. प्रत्येक मुलाखतीची तिची सुरुवात तीच असायची. "तुम्ही कोण, ते सांगा."

"मी फार हट्टी," मावशीनं सुरुवात केली. "मला दूध आवडत नाही. मावशीकडे गेले की मी तिची सगळी कपाटं उचकते. तिच्या साड्या... तिच्या..."

तिचं हसू हळूहळू आटलं. डावा हात मांडीवरून उचलला गेला आणि डोक्याच्या वर काहीतरी चाचपू लागला.

"झाकण जड आहे," मावशी म्हणाली.

"कसलं झाकण?"

"उजेडाची एक चीर होती. तीपण गेली. मी ठोकतेय... कोणी येत नाही."

आवाज मावशीचाच होता. पण हेडफोनमध्ये त्याच्याभोवती घुमारा होता, लोखंडी पिंपात तोंड घालून बोलल्यावर येतो तसा. कानसेननं पडद्यांकडे पाहिलं, गालिच्याकडे पाहिलं. ह्या खोलीत आवाज घुमायला जागाच नव्हती. आणि मघापासून त्याला गंजक्या पाण्याचा वास येत होता.

"कट."

"झालं का?" मावशीनं डोळे मिचकावले. "मी आपली कपाटांपाशीच अडकले. पुढचं काही सुचेनाच."

पुढचं ती काय बोलली, ते तिच्या गावीही नव्हतं. सगळे गप्प बसले आणि कानसेननं खोलीची शांतता टिपली. त्या अर्ध्या मिनिटात फार लांबून, डोक्यावरच्या बाजूनं, लोखंडावर नख ओढल्यासारखा आवाज येत राहिला. वेडावाकडा, थकलेला. उंदीर असेल, असं त्यानं स्वतःला समजावलं.

स्वेटरची घडी करताना बायको थबकली. "ही बाही ओली आहे."

"मावशीचा घाम," तो म्हणाला.

"एकाच हाताला?"

ओली होती ती डावी बाही, मनगटापासून कोपरापर्यंत.

दुसऱ्या दुपारी दादा बसला. दादा म्हणजे तिचा थोरला भाऊ. त्याला हा सगळा प्रकार मुळातच मान्य नव्हता, पण बहिणीला चार शब्द सुनावायची संधी आयती चालून आली होती, ती तो सोडतोय कशाला? त्यानं स्वेटर घातला, पाय पसरले आणि थेट भिंगात पाहिलं.

"मी कोण? मी ह्या घरातली हुशार. लोकांच्या जखमांच्या खपल्या काढते आणि त्यावर बक्षिसं मिळवते. बाबा गेले तेव्हा मी कॅमेरा घेऊन आले होते. सगळे रडत होते, आणि मी विचारत होते, जरा उजेडात सरकता का?"

कॅमेऱ्यामागे तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. पण ती 'कट' म्हणाली नाही.

"मी आईला भेटायला येत नाही. आईला वापरायला येते. माझ्या मनात कोणाबद्दल..." दादा अडखळला. त्याचा डावा हात वर गेला. दादाचा आवाज जाड, बसका. तो बारीक होत गेला. "दादा म्हणाला, टाकीत लप. मी शेवटी शोधतो तुला, म्हणाला. वरून झाकण त्यानंच लावलं... मग गल्लीतून मुलांनी त्याला हाक मारली. मला त्याची पावलं ऐकू आली, जिन्यावरून खाली जाणारी. दादा, मी अजून लपलेलीच आहे..."

पुन्हा तोच घुमारा. पुन्हा तोच वास.

"कट," ती कशीबशी म्हणाली.

दादानं मान झटकली. "काय? असं काय बघताय माझ्याकडे?"

"दादा," तिनं विचारलं, "टाकीत लपायला तू सांगितलं होतंस?"

दादाचा चेहरा पांढराफटक पडला. त्यानं बटणं तोडतच स्वेटर उतरवला आणि तिच्या अंगावर फेकला.

"कोण म्हणतं असं? तुला काय आठवतंय? तुला काही आठवायचं कारणच नाही! बंद कर हा तमाशा. आणि भावोजी, तुम्हीही ऐका, उद्या बॅगा उचलायच्या आणि चालतं व्हायचं."

तो तरातरा निघून गेला. आतल्या दाराच्या पडद्याआड सासूबाई उभ्या होत्या. तोंडावर हात होता, डोळे भरले होते. पण त्यांच्या चेहऱ्यावर दुःख नव्हतं. हरवलेली वस्तू घरातच कुठेतरी वाजल्यावर माणूस जसा कान टवकारतो, तशा त्या उभ्या होत्या.

बायको बॅटरीचे सेल आणायला बाहेर गेली, तसा कानसेन गच्चीवर गेला. आवाज कुठून येतो ते शोधल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. वर लख्ख ऊन होतं. दोरीवर चादरी वाळत होत्या. एका कोपऱ्यात प्लास्टिकची नवी टाकी, आणि तिच्यामागे लोखंडाची जुनी, गंजून तांबडी झालेली. झाकणावर मोठा दगड ठेवलेला.

"उघडा," मागून आवाज आला. सासूबाई धापा टाकत जिना चढून आल्या होत्या. "सगळे बघून गेलेत. तुम्हीही बघा."

त्यानं दगड ढकलला, झाकण उचललं. दोन्ही हातांनीही जड गेलं. आत गंजाची भुकटी आणि वाळलेली पानं. टाकी ठणठणीत कोरडी होती.

"मुलं लपाछपी खेळत होती," सासूबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज हिशोबी, कोरडा होता. "दुपारभर माझी मुलगी सापडली नाही. तिन्हीसांजेला ती आपली आपण जिना उतरून आली. केस ओले. सगळे म्हणाले, सापडली, सापडली! मी ताट वाढलं. माझी मुलगी डावखुरी होती, जावईबापू. खडू डाव्या हातात, चमचा डाव्या हातात. खाली आली तिनं चमचा उजव्या हातात धरला."

"मुलं घाबरली की असं काहीतरी होतं, आई."

"सगळे हेच म्हणाले. हिचा बाप, डॉक्टर, माझी बहीण. टाकी तळापर्यंत उपसली, काही निघालं नाही. मग मीच वेडी ठरले. मी हिला खाऊ घातलं, शिकवलं, तुमच्याशी लग्न लावून दिलं. माझ्यानं होईल तेवढं सगळं केलं. जवळ घेणं तेवढं झालं नाही. तुम्हीच सांगा, हिचा हात कधी ऊबदार लागलाय तुम्हाला?"

कानसेनला गाडीतला तो गार हात आठवला. पण राग त्याहून मोठा होता.

"ती माझी बायको आहे," तो म्हणाला. "तुम्ही तिच्याबद्दल असलं बोलू नका."

"म्हणूनच तुमची कीव येते," सासूबाई म्हणाल्या. "माणूस चांगले आहात. चुकीच्या बाईशी चांगले आहात."

तो खाली उतरला तेव्हा बायको परत आली होती. त्यानं बॅग भरायलाच घेतली. निघूया म्हणाला. आई काय म्हणाल्या तेही त्यानं सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. ती ऐकत राहिली. मग हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले.

"म्हणजे कारण आहे. वेडगळ का असेना, कारण आहे! आता ते तिनं माझ्या तोंडावर म्हणायला हवं. अरे, ती तयार झालीये. आत्ता, तू वर असताना मला फाटकापाशी गाठलं. नाही, तू आल्यावर..." ती गोंधळली, बोटांनी कपाळ चोळलं. "कधी का असेना. ती म्हणाली, मी बोलते, पण आधी तू बस त्या खुर्चीत. मी विचारते."

सासूबाई तर इतका वेळ वर त्याच्याचपाशी होत्या. फाटकापाशी कोण भेटलं हिला?

"बसू नकोस," तो म्हणाला. "तुझाच नियम आहे."

"कानसेन, तिनं आजवर माझ्याकडे काहीच मागितलं नाही. पाण्याचा पेलासुद्धा नाही. आज पहिल्यांदा मागतेय." तिनं स्वेटर उचलला, तुटलेल्या बटणांच्या जागी हात फिरवला. "बसते. तू आहेस ना?"

"आहे," तो म्हणाला.

कॅमेरा स्टँडवर पक्का केला. कॅमेऱ्याशेजारी, तिच्या जागेवर, सासूबाई बोलावण्याआधीच येऊन बसल्या. दादा दारात येऊन उभा राहिला. ती स्वेटर घालून खुर्चीत बसली, लहान मुलीसारखी गुडघे जुळवून. मग सवयीनं पुढे वाकली आणि माइकच्या जाळीवर नख वाजवलं.

टक टक... टक.

"चालू आहे," कानसेन म्हणाला.

बाहेर गल्लीत चिटपाखरू नव्हतं. सासूबाईंनी पदर सारखा केला आणि इतक्या मऊ आवाजात हाक मारली की कानसेननं यंत्रावरचा आवाज वाढवला.

"बाळ... कुठे आहेस तू?"

बायकोचा सगळा चेहरा उजळला. जन्मभर ह्या हाकेची वाट पाहिली होती तिनं.

"इथे आहे ना, आई," ती म्हणाली.

"तुला नाही विचारलं," सासूबाई म्हणाल्या.

तिचं हसू ओठांवर तसंच राहिलं. ते उतरवायचं तिला सुचलंच नाही. मग तिचा डावा हात मांडीवरून उचलला गेला. तिनं तो उजव्या हातानं खाली दाबला. तो पुन्हा वर आला. राखाडी बाही मनगटापाशी काळी पडली आणि तो काळेपणा कोपराकडे सरकू लागला. पाण्याचा एक थेंब गालिच्यावर पडला. हेडफोनमध्ये तो खोल विहिरीत पडल्यासारखा वाजला.

"आई," कोणीतरी म्हणालं. ओठ बायकोचे होते. "आत फार गार आहे."

"बाहेर ये."

"जागा नाही..."

"आहे. मी देते ना. ही जागा तुझीच आहे."

बायकोचे डोळे कानसेनकडे वळले. तेवढे डोळे अजून तिचे होते. तिनं तोंड उघडलं. जीभ टाळ्याला लावू पाहिली. काहीतरी म्हणायचं होतं तिला, एवढुसं, एक अक्षर, दीड अक्षर... आणि ते काही बाहेर पडत नव्हतं.

कानसेनचं बोट बटणावर होतं. दाबायला श्वासाएवढाही वेळ लागला नसता. पण चालू मुलाखतीत मध्ये बोलायचं नाही. ती म्हणेल. ती म्हणाली की लगेच. इतक्या वर्षांची सवय त्याच्या मानगुटीवर बसली होती, आणि ज्या बाईला एकटीला 'कट' म्हणायचा हक्क होता, ती आज खुर्चीत होती.

"का..." हेडफोनमध्ये तिचा आवाज आला. तिचा, अगदी तिचा. तो दोर सोडल्यासारखा खाली खाली जात होता. "कान... से..."

मग लोखंडावर लोखंड आदळलं. कानाचे पडदे फाटतील इतक्या जोरात. खोलीतलं दुसरं कोणी दचकलंसुद्धा नाही.

खुर्चीतली बाई उठली. सासूबाईंनी हात पसरले आणि तिला छातीशी घेतलं. पाठीवरून हात फिरवत राहिल्या, केसांवरून, गालांवरून. "गरम आहे," त्या रडत म्हणत होत्या, "अरे बघा तरी, गरम आहे माझी पोर!" दादा दाराच्या चौकटीला डोकं टेकून हुंदके देत होता.

आईच्या खांद्यावरून त्या बाईनं कानसेनकडे पाहिलं. डाव्या हातानं यंत्राकडे बोट केलं.

"बंद करा ना ते आता," ती म्हणाली.

'कट' काही कोणी म्हणालं नाही.

ती त्याच्याबरोबर घरी आली. सासूबाईंनीच पाठवलं, लग्न झालेली मुलगी, जावयाकडेच राहायला हवी, म्हणाल्या. ती वाईट नव्हती. हसरी होती, कामाला वाघ होती, डाव्या हातानं सुरेख चिरायची. आईशी रोज फोनवर तासन्‌तास गप्पा. कानसेनला ती अहो म्हणायची. फिल्मचं नाव काढलं की दुसरा विषय काढायची. ओळखीपाळखीचे म्हणाले, बायको किती माणसात आली रे तुझी! ती झोपेत त्याच्याकडे हात टाकायची. हात भाजेल असा ऊबदार असायचा, आणि कानसेन पहाटेपर्यंत डोळे उघडे ठेवून पडून राहायचा.

एक दिवस ती बाहेर गेल्यावर त्यानं ते मुद्रण काढलं. यंत्र त्या दिवशी बंद करायचं राहूनच गेलं होतं, त्यामुळे नंतरचं सगळं त्यात आलं होतं: सासूबाईंचं रडणं, दादाचे हुंदके, आणि सगळे निघून गेल्यावरची त्या खोलीची शांतता. तो वाकून ऐकत राहिला. नख ओढल्याचा तो जुना, थकलेला आवाज आता नव्हता. त्याच्या जागी दुसराच होता. स्वच्छ, ठाम.

टक टक... टक.

त्याच पावली तो सासुरवाडीला गेला. गच्चीच्या कोपऱ्यात गंजाचा गोल डाग तेवढा उरला होता.

"भंगारात दिली टाकी," तो खाली उतरल्यावर सासूबाई दारात म्हणाल्या. पहिल्यांदाच त्यांनी त्याच्याकडे बघून तोंडभर हसून दाखवलं. "उगाच जागा अडवत होती. आता काय शोधताय, जावईबापू? ज्याचं त्याला मिळालं. चहा घेता?"

"माझं मला मिळालं नाही," कानसेन म्हणाला.

"तुमचं होतंच कुठे?" त्या म्हणाल्या, आणि दार लावून घेतलं.

तो घरी परतला तेव्हा दुपार होती. स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज चालला होता. त्यानं आपल्या कामाच्या खोलीत जाऊन ध्वनिमुद्रणाची बॅग उघडली. मुद्रण काढलं होतं ते बाहेरच्या कप्प्यातून; आतला कप्पा त्या दिवसापासून तसाच बंद होता. वर राखाडी स्वेटर होता. त्यानं तो उचलला आणि डावी बाही चाचपली. कोरडी होती, कडक वाळलेली. मग त्याचा हात दुसऱ्या बाहीला लागला.

उजवी बाही मनगटापासून कोपरापर्यंत ओलीचिंब होती. गार.

कानसेन रडला नाही. त्यानं माइक जोडला, हेडफोन लावले. खुर्ची खिडकीपाशी ओढली. मग स्वेटर अंगात घातला, आणि ती गार बाही त्याच्या मनगटाभोवती हात धरावा तशी घट्ट बसली. किती दिवसांनी!

स्वयंपाकघरातली भांडी एकदम थांबली.

माइकच्या जाळीजवळ कोणी नव्हतं. तरी वाजलं. टक टक... टक.

"चालू आहे," तो म्हणाला.

"निवांत बसा," अगदी कानाशी ती म्हणाली. तिला धाप लागली होती. "तुम्ही कोण... ते सांगा."

त्यानं तोंड उघडलं. ती होऊन 'मी' म्हणायचं, आपली जागा तिला द्यायची, हे त्याला ठाऊक होतं, आणि ते म्हटल्यावर आपलं काय होईल हेही. आपण कुठे जाऊ, कोणत्या भंगाराच्या ढिगात, कोणत्या झाकणाखाली, एवढंच ठाऊक नव्हतं. दाराबाहेर पावलं आली. हळू, अनवाणी, आणि थांबली. स्वयंपाकघरातली बाई आत आली नाही, तिनं हाकही मारली नाही. मग खोलीला बाहेरून कडी लागल्याचा आवाज हेडफोनमध्ये फार स्पष्ट ऐकू आला.